डाव्या पिळाची पेटी

"आधी चहा, मग भांडण," काका पालथ्या पेटीवर टेकत म्हणाले. "उपाशीपोटी शिव्या खाल्ल्या की मला पित्त होतं."

कुणी हसलं नाही. एरवी काकांच्या असल्या बोलण्यावर निदान पुतण्याची बायको, घरची सून, तरी फिस्सकन हसायची. आज तीही प्रतवारीच्या टेबलापाशी एकच नाशपाती उलटीसुलटी करत मान खाली घालून उभी होती. काकांनी ओळखलं, आज आपली काही धडगत नाही.

या घरातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी शेडमध्येच ठरत आल्या. लग्नं, वाटण्या, रुसवेफुगवे, सगळं इथेच, फळांच्या वासात. घर आपलं झोपण्यापुरतं. भिंतीला रिकाम्या लाकडी पेट्यांची चळत, मधोमध लांबलचक टेबल, दाराशी काकांनी स्वतः चालवत आणलेला ट्रक. ड्रायव्हर ठेवायला काका तयार नव्हते. म्हणायचे, तो पगारही घेणार आणि वर बोलणार, मग मी काय करू? टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला आई, म्हणजे काकांची वहिनी, नाशपाती कागदात गुंडाळत बसली होती. धरणीकंप झाला तरी हातातली पेटी पुरी केल्याशिवाय ती उठायची नाही, असं सगळे म्हणत, आणि एकदा खरंच पत्रा उडाला होता तेव्हा ती उठली नव्हती.

अण्णा दारात उभेच होते. ते बसले नाहीत की समजायचं, पारा चढलाय. त्यांच्या धाकट्या भावाला, म्हणजे काकांना, हे लहानपणापासून पाठ होतं.

"उद्या सकाळी कंपनीचा माणूस येतोय," अण्णांचा मुलगा म्हणाला. घरात त्याला धाकटाच म्हणत, डोक्यावरचे केस विरळ झाले तरी. बाग आता तोच बघायचा. "सही झाली की सगळा माल थेट त्यांच्या दुकानांत. लिलाव नाही, आडत नाही. हा कागद नाही आणि ही लाकडी पेटीही नाही. प्लास्टिकचे ट्रे तेच देणार."

"म्हणजे मीही नाही. सरळ सांग की. आडत्या काय, आज ना उद्या जायचाच. मी काही गळा काढून रडणार नाही."

"तो विषयच नाही, काका. परवा मी त्या माणसाला बाजार दाखवायला नेलं होतं. तुम्हाला न सांगता."

"सांगितलं असतंस तर दाढी करून आलो असतो."

"आपल्या पेट्या उतरल्या. एकेक करून बोलीवर चढल्या. आईच्या तेवढ्या चढल्या नाहीत." धाकट्याचा आवाज चढत गेला. "ट्रकच्या मागूनच हातगाडीवर घातल्या, वर गोणपाट टाकलं, आणि हातगाडी मागच्या फाटकातून बाहेर. या डोळ्यांनी बघितलंय. कुठे जातात आईच्या पेट्या?"

आईच्या पेट्या ओळखायला कुणाला विचारावं लागत नसे. नाशपाती कागदात गुंडाळली की देठापाशी कागदाला पीळ द्यायचा. सगळ्या जगाचा पीळ उजवीकडे जातो. आई डावखुरी, तिचा पीळ डावीकडे. बाजारातला आंधळासुद्धा झाकण उघडून चाचपला असता तर म्हणाला असता, ही डाव्या पिळाची पेटी, घ्या डोळे मिटून.

काकांनी चहाचा कप तोंडाला लावला. कप केव्हाच रिकामा झाला होता. कुठे जातात ते त्यांना बाजारातल्या आपल्या गाळ्याइतकं स्वच्छ ठाऊक होतं. हातगाडी फाटकातून बाहेर पडते, शाळेला वळसा घालते, आणि दोन गल्ल्या ओलांडून एका अरुंद दुकानापाशी थांबते. दुकानाला पाटी नाही. दार उघडते ती थोरली, अण्णांची लेक, धाकट्याची ताई, या शेडमधून गेली ती परत न आलेली.

ती गेली त्याचं कारणही नाशपातीच. हे फळ झाडावर पिकत नाही. घट्ट असतानाच उतरवायचं, घट्टच विकायचं, पिकतं ते खाणाऱ्याच्या घरी. थोरली म्हणाली, आपण पिकवू, आपणच घरोघरी देऊ, लोकांना खरी चव तर कळू दे. मागची खोली फळांनी भरून टाकली तिने. पण नाशपाती लबाड. बाहेरून टवटवीत दिसते आणि आतून गेलेली असते. पोरगी रोज वरून बघत राहिली, रंगावर भुलली, आणि घरोघरी दिलेली पेटीन् पेटी लोकांनी परत आणून दारात आपटली. आख्ख्या खालच्या बागेचं पीक मातीत गेलं. अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "पुन्हा या शेडची पायरी चढू नकोस." ती काकांच्याच ट्रकमधून शहरात गेली. घरच्यांना सांगितलं, कचेरीत नोकरी लागलीय. काकांना मात्र तिने शपथ घातली: दुकानाचं घरी कळता कामा नये, अण्णा बोलावतील तेव्हा मीच सांगेन.

अण्णांनी बोलावलं नाही. आणि काका इतकी वर्षं मूग गिळून बसले.

"खास गिऱ्हाईक आहे," ते आता म्हणाले.

"कोण?"

"असतात रे. डाव्या पिळाशिवाय दुसरं घेतच नाहीत. भाव चोख मिळतो ना तुम्हाला?"

"भावाचं बोलतंय कोण! चोख आहे तर गोणपाटाखालून का?"

"ऊन लागतं."

"पहाटे?"

लिलावात पन्नास माणसांना गुंडाळणारा हा गडी रिकाम्या कपाचा तळ बघू लागला.

सुनेने आता हातातली नाशपाती खाली ठेवली. खरं तर कंपनीचं खूळ नवऱ्याच्या डोक्यात तिनेच भरवलं होतं. कागद दुमडून दुमडून तिची बोटं चिरलेली. शिवाय काका बाजारातून कौतुक आणायचे ते सासूच्या पेट्यांचं. हिच्या पेट्या आपल्या 'बाकीच्या'. मनातून तिला वाटलं होतं, एकदाचे ते ट्रे येऊ देत, मग सगळे पीळ सारखेच. पण काकांचा चेहरा तिला चोराचा वाटेना. आणि तिने सासूकडे पाहिलं तर सासूचे हात थांबलेले. तिने ते कधी थांबलेले पाहिले नव्हते.

"अहो, असू दे आता," ती नवऱ्याला हळूच म्हणाली.

"तू मधे पडू नकोस. कालपर्यंत तर तूच—"

"काल होतं ते काल होतं."

अण्णा दारातून दोन पावलं आत आले. "बापाची जमीन आपण वाटून घेतली," ते भावाला म्हणाले, "पण शब्दाने शब्द वाढला नाही कधी. आज विचारतोय म्हणून विचारतोय. सांग. नाही सांगायचं तर पुन्हा या शेडची पायरी—"

"झालं?" आई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. अण्णांचं वाक्य मात्र तिथेच राहिलं.

"एकीला म्हणून झालं, आता दुसऱ्याला म्हणा. मग मला म्हणा. शेवटी तुम्ही आणि तुमची पायरी, बसा दोघं एकमेकांकडे बघत." ती काकांकडे वळली. "भावजी, तुम्ही बोलू नका. तुम्हाला शपथ आहे. मला नाही."

"वहिनी, तुम्हाला काय माहीत—"

"माझ्या पेट्या थोरलीकडे जातात."

धाकटा मटकन टेबलाच्या कडेला टेकला. काकांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, रुमाल चुकीच्या खिशात ठेवला.

आई आपल्या पायाशी वाकली. तिच्या बसायच्या जागेखाली एक जुनी पेटी सरकवलेली असायची. सगळ्यांना वाटायचं त्यात सुतळ्या असतील. तिने ती ओढून झाकण काढलं. आत कागद होते, नाशपातीचेच. प्रत्येकाला डावीकडे पीळ दिलेला, प्रत्येक कागद फळासारखा फुगलेला, मानेशी निमुळता. आणि प्रत्येक रिकामा.

"बाजारात कागद कोण ठेवतं? फाडतात, पायदळी तुडवतात," ती म्हणाली. "रिकाम्या पेट्या परत येतात त्यांत काडीकचरा येतो, नाहीतर उंदीर. माझ्या पेट्यांत हे यायला लागले. फळ अलगद काढून घ्यायचं आणि कागद पुन्हा जसाच्या तसा वळून ठेवायचा. असा डावा पीळ या जगात मी एकीलाच शिकवला. तुम्ही तिच्या हातावर पट्टी मारायचात ना, उजव्या हाताने कर म्हणून? तिलाच."

अण्णांनी वाकून पेटीतल्या पिळांकडे पाहिलं.

"फोनवर ती म्हणायची, बरी आहे. मीही म्हणायची, बरी आहे. दोघी धडधडीत खोटं बोलायचो आणि फोन ठेवायचो. पोटातलं काही तोंडावर यायचंच नाही." आईने एक कागद तळहातावर घेतला. "मग हे येऊ लागले. हे हातात धरलं की वाटायचं, तिचा हात आत्ता इथे होता. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर भावजींना खोटं बोलावं लागलं असतं, आणि तिने कागद पाठवायचे बंद केले असते. एवढंच होतं माझ्याकडे. उद्या तुमच्या सहीने तेही जाईल. मला ती बघायची आहे हो. किती वर्षं मी कागद बघू?"

ती रडली नाही. सूनच रडायला लागली, आणि कुणी विचारायच्या आत म्हणाली, "कागदाची धूळ गेली डोळ्यात."

"मला सांगायचं नव्हतं कुणी?" धाकटा म्हणाला. त्याचा राग आता नुसता इकडून तिकडे हिंडत होता. "मी काय परका? ताई गेली त्या दिवशी माझीही बॅग भरलेली होती, माहितीय? मला शिकायला जायचं होतं. ती गेली म्हणून मी राहिलो. रोज या टेबलापाशी उभा राहतो आणि बघतो तर समोरची जागा रिकामी. मला एक कागद नाही आला!"

"तू उजव्या पिळाचा," काका म्हणाले. मग त्यांनाच ते बरं वाटलं नाही. "तुझी चौकशी करते रे. दर खेपेला. केस गळतात का अजून, विचारते."

"काय सांगता तुम्ही?"

"सांगतो, गळायला आता उरलेत कुठे."

या वेळी धाकटा हसला, नको असताना, आणि डोळे पुसले.

आता शपथ मोडलीच होती, तेव्हा काकांना धरबंद राहिला नाही. दुकानाची लांबीरुंदी, मागची थंड खोली, खिडकीतलं मांजर, सगळं भडाभडा बाहेर आलं. इतर आडत्यांचा मालही ती विकते, पण आईच्या पेट्या मागच्या खोलीत जातात. त्यांतलं एकेक फळ रोज हातात घेते. मानेपाशी अंगठा टेकवते, नुसता टेकवते, दाबत नाही. रंगाकडे तर बघतसुद्धा नाही. पिकलं तरच गिऱ्हाइकाला देते, आणि बजावते, आज खा, उद्यावर टाकू नका. "एक म्हातारी येते. तोंडात दात औषधाला नाही. दुकानातच बसून खाते, कोपरापर्यंत रस. एक फळ आतून गेलेलं निघालं नाही आजवर. त्या वर्षाचं तिने इतकं मनाला लावून घेतलंय, दादा."

कोपरापर्यंत रस, या शब्दांशी अण्णा अडकले. थोरली एवढीशी होती तेव्हा एक नाशपाती गवतात लपवून ठेवायची. कुणाला सांगायची नाही, फक्त त्यांना. मग एक दिवस हात धरून न्यायची, अण्णा, झाली, चला. दोघं मागच्या पायरीवर बसून एक फळ वाटून खायची, आणि रस असाच कोपरापर्यंत यायचा. त्यानंतर त्यांनी आपल्या बागेचं पिकलेलं फळ खाल्लं नव्हतं. बागेतून गाड्या भरभरून फळ गेलं आणि सगळं घट्टच गेलं. पिकल्यावर ते कसं लागतं, हे त्यांना आता आठवतही नव्हतं, आणि याचं त्यांना फार, फार वाईट वाटलं.

"गोड असतं का रे?" त्यांनी विचारलं.

"तिलाच विचार."

"मी काय विचारू? चारचौघांत बोललो होतो. बोललेलं मागे घ्यायला मला येत नाही. कधी आलंच नाही."

"येत नाही ते शिकायचं," आई म्हणाली. तिने कागदाचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. "बोलता येत नाही तर गुंडाळा."

अण्णा बसले. शेडमध्ये अण्णा बसलेले पाहून सुनेला कुठे बघावं ते कळेना. त्यांनी एक नाशपाती उचलली, कागदावर ठेवली आणि झटापट सुरू केली. आयुष्यभर पिकवलेल्या फळाला गुंडाळायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. पहिला कागद फाटला. दुसऱ्याचा कोपरा फाटला, पण पीळ बसला. उजवीकडे, आणि गाठोड्यासारखा ओबडधोबड.

"नवीन देऊ का कागद?" सून म्हणाली.

"राहू दे," आई म्हणाली. "असाच जाऊ दे."

तिने आपल्या अर्ध्या पेटीत मधोमध जागा केली आणि डाव्या पिळांच्या रांगेत ते ध्यान बसवलं.

"ओळखेल?" अण्णांनी विचारलं.

"इतकं वाईट काम दुसरं कोण करणार?" आई म्हणाली.

राहिला कंपनीचा प्रश्न. धाकटा कपाळाला हात लावून बसला होता. कंपनीला सगळा माल हवा, नाहीतर नको, आणि नको म्हटलं तर वरच्या बागेचं काय करायचं? तिथली झाडं त्याने स्वतः लावलेली. सुनेने डोळे पुसून टेबलावरच्या चार नाशपाती उचलल्या, एक वरच्या बागेतली, तीन खालच्या.

"त्यांना एकसारखा माल हवा ना? ह्या खालच्या, जुन्या झाडांच्या बघा. एक लांब, एक बुटकी, एक वाकडी. त्या ट्रेच्या खळग्यात बसणारही नाहीत. उद्या त्या माणसाला एक ट्रे यांनीच भरायला लावा. खालची बाग नको, असं तोच म्हणेल."

"तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी टेबलाच्या बाजूने. आणि ऐका, वरच्या बागेचे कागद संपले की मी सुटले. खालच्या पेट्या मी आणि आई करू." मग सासूकडे न बघता म्हणाली, "मला तो डावा पीळ शिकवा. उजव्या हाताने येतो का बघू."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाने तीन वेळा ट्रे भरून बघितला आणि म्हणाला, खालची तुमची तुम्हालाच लखलाभ. सही वरच्या बागेपुरती झाली.

काका ट्रक घेऊन गेले. परतीच्या खेपेला रिकाम्या पेट्या उतरल्या तेव्हा अण्णा पुढे झाले. पेट्या उतरवून घ्यायचं काम त्यांचं कधीच नव्हतं. डाव्या पिळाचे कागद आले होते. त्यांचा कागद नव्हता.

"घट्ट असेल अजून," आई म्हणाली.

पुढच्या खेपेलाही नव्हता. अण्णांनी पेटी उलटी करून आपटली, भुसा पडला. काकांना त्यांनी काही विचारलं नाही, आणि काकांनीही आपणहून काही सांगितलं नाही. त्या दिवसांत अण्णा जेवता जेवता थांबायचे. फाटकाकडे कान लावायचे. ट्रकचा आवाज सगळ्यांच्या आधी त्यांना यायचा, आणि बरेचदा तो दुसऱ्याच कुणाचा असायचा. फेकला असेल, त्यांच्या मनात यायचं. आपणही तिचं सगळं असंच फेकलं होतं.

तिसऱ्या खेपेला ट्रक दारात उभा राहिला. सून टेबलापाशी होती, धाकटा पेट्यांवर खिळे ठोकत होता, आई खिडकीपाशी गुंडाळत होती. काका आपल्या बाजूने खाली उतरले. त्यांनी हात पुढे केला. हातात कागदात गुंडाळलेली नाशपाती. पीळ उजवीकडे. कोपरा फाटलेला.

अण्णांनी ती घेतली. कागद सोडवला. पिवळीधमक झाली होती, पण त्यांनी रंगाकडे पाहिलं नाही. मानेपाशी अंगठा टेकवला, नुसता टेकवला. फळ लोण्यासारखं मऊ लागलं. वासाने शेड भरली.

"झालीय," ते म्हणाले. मग त्यांनी ती उजेडात फिरवून बघितली. "इतक्या खड्ड्यांतून आली आणि एवढासाही डाग नाही?"

"मांडीवर धरून आणलीय. सगळा रस्ता."

"तू?"

"दादा, मी गाडी चालवत होतो."

आई अर्धी पेटी तशीच टाकून उठली.